सर्व्हर हँग होतो आणि नोंदी हरवतात: रीसेट दाबण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर चालणारा डेटाबेस सर्व्हर आठवड्यातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण हँग होतो. पिंगला, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेला, उत्तर येतं, पण लॉगिन होत नाही आणि ॲप्लिकेशन नुसतं फिरत राहतं. वाट बघून शेवटी पॉवर बटण दाबून मशीन रीस्टार्ट केलं जातं. सुरू झाल्यावर शेवटच्या काही मिनिटांतल्या नोंदी सापडत नाहीत. त्या ‘सेव्ह झाल्या’ असा मेसेज मात्र वापरणाऱ्यांनी स्वतः पाहिलेला असतो. रॅम दुप्पट करून झाली, तरी फरक नाही. उलट हँग आता जास्त वेळ टिकतो. काय करावं?

मी बरीच वर्षं डेटाबेस सांभाळण्याचंच काम करतोय. या दोन तक्रारी जोडीनं येताना इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आधी त्या वेगळ्या करा असं सांगतो. हँग होतो तेव्हा कुणीतरी कशाची तरी वाट बघत अडकलेलं असतं. नोंद हरवते तेव्हा कुठल्यातरी थरानं न लिहिताच ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं असतं. पहिल्यामुळे दुसरं आपोआप होत नाही. डेटाबेस नीट बसवलेला असेल तर ऐन कामात वीज गेली तरी कमिट झालेली, म्हणजे कायमची म्हणून पक्की केलेली, प्रत्येक नोंद परत यायलाच हवी. जाईल ती फक्त कमिट न झालेली. तुमच्याकडे दोन्ही दुखणी आहेत आणि रीसेटच्या बटणामुळे ती एकच वाटतात. हँग उद्या बरा झाला, तरी दुसरं दुखणं तसंच राहील आणि एखाद्या दिवशी वीज गेली की पुन्हा वर येईल.

हँग चालू असताना

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पिंग चालतं, लॉगिन होत नाही. पिंगला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, परस्पर उत्तर देतो, त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. लॉगिनला मात्र फायली वाचाव्या लागतात, लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ओळ लिहावी लागते. म्हणजे सीपीयू आणि नेटवर्क जिवंत आहेत, अडलंय ते डिस्कवर किंवा मेमरीत. लॉगिन सुरळीत झालं असतं आणि फक्त डेटाबेस गप्प बसला असता, तर मी आधी लॉककडे, म्हणजे एका क्वेरीनं टेबल धरून दुसरीला अडवण्याकडे, बघितलं असतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

हँग झाल्यावर नवं लॉगिन मिळणार नाही, म्हणून रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, एक सेशन आधीपासून उघडं ठेवा. त्यात व्हीएमस्टॅट (मेमरी आणि एकूण भार), आयओस्टॅट (डिस्कचं काम), पीएस (प्रक्रियांची यादी) या कमांड एकेकदा चालवून ठेवा, म्हणजे त्यांच्या फायली मेमरीत राहण्याची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सर्व्हरचा लॉग त्याच डिस्कवर जात असेल तर हँगच्या काळातल्या ओळी लिहिल्याच जात नाहीत आणि रीसेट केलं की पुसल्या जातात. ‘लॉगमध्ये काहीच सापडलं नाही’ असं लोक म्हणतात, ते यामुळे. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय लवकर करून ठेवा. हे न करता कारण शोधायला बसलात तर प्रत्येक वेळी अंदाजच बांधत बसाल.

आता आकडे. व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट दोन्ही पहिल्यांदा जे छापतात ते मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ते सोडून द्यायचं आणि दुसऱ्या नोंदीपासून वाचायचं. व्हीएमस्टॅटमधला ‘बी’ हा रकाना अडकलेल्या प्रक्रियांची संख्या दाखवतो. तो एरवी शून्य-एक असतो आणि हँगमध्ये एकदम पन्नास-साठवर जातो. लोड ॲव्हरेज दोनशे आणि सीपीयू मात्र रिकामा, असं चित्र दिसलं की गोंधळून जाऊ नका. लिनक्सचा लोड डिस्कसाठी ताटकळलेल्या प्रक्रियाही मोजतो. पीएसमध्ये त्यांची अवस्था ‘डी’ अशी दिसते. अशा प्रक्रियेला किल पाठवून उपयोग नसतो, हातातलं डिस्कचं काम पूर्ण झाल्याशिवाय ती सिग्नल ऐकतच नाही.

आयओस्टॅट सविस्तर स्वरूपात दर सेकंदाला चालवलं की प्रत्येक डिस्कची एक ओळ येते. मी पाहिलेल्या एका हँगमधली ओळ अजून डोळ्यासमोर आहे. एरवी लिहिण्याचा सरासरी विलंब दोन-तीन मिलिसेकंद असायचा. त्या दिवशी तो आधी चारशे झाला, मग चार हजार, मग नऊ हजारांच्या पुढे गेला. डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसत होती आणि प्रत्यक्ष लिहिलं जात होतं सेकंदाला जेमतेम दोन एमबी. व्यस्तता पूर्ण आणि काम नगण्य हे दोन आकडे शेजारी दिसले, की दोष डेटाबेसच्या खाली आहे हे नक्की. क्वेरी सुधारून ते बरं होणार नाही. हेच जर डिस्क शंभर टक्के व्यस्त असून सेकंदाला तीनशे-चारशे एमबी लिहीत असेल, तर डिस्क निरोगी आहे आणि कुणीतरी तिच्यावर एकदम ओझं टाकलंय.

कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, बघा. एखादी प्रक्रिया १२० सेकंदांहून जास्त अडकून पडली तर बऱ्याच वितरणांत कर्नल स्वतःच तशी ओळ लिहितो आणि खाली ती नेमकी कुठल्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते देतो. एवढी वाट बघायची नसेल तर सिसरिक्यू ट्रिगरला, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या फाइलला, ‘डब्ल्यू’ हे अक्षर पाठवा, अडकलेल्या सगळ्या प्रक्रियांची यादी लगेच मिळते. ती यादी दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतल्याशिवाय रीसेटला हात लावू नका.

रॅम वाढवून उलटं का झालं

मला इथंच सगळ्यात जास्त संशय आहे. लिनक्स फायलीत लिहिलेलं लगेच डिस्कवर नेत नाही, मेमरीत साठवतो. मेमरीच्या अशा न उतरलेल्या तुकड्यांना, म्हणजे पानांना, डर्टी पेज म्हणतात. ती किती साठू द्यायची याच्या दोन मर्यादा असतात. वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांना मागच्या मागे लिहिणं सुरू होतं, आणि २० टक्क्यांना कर्नल लिहिणाऱ्या प्रक्रियांनाच रोखून धरतो. कर्नलची मूळ मूल्यं हीच आहेत. आता हिशोब करा. वापरता येण्याजोगी मेमरी २०० जीबी असेल तर ४० जीबी डर्टी पेज साठू शकतात. डिस्क सेकंदाला २०० एमबी या दरानं लिहीत असेल तर तेवढं उतरायला २०० सेकंद लागतात, म्हणजे तीन मिनिटांच्या वर. तेही सलग लिखाण असेल तर. विखुरलेलं असेल तर कितीतरी जास्त. तुमचा छोटासा कमिट या रांगेच्या शेवटी उभा राहतो. रॅम दुप्पट केली तेव्हा हा हौदही दुप्पट झाला, म्हणून हँग लांबला.

उपाय सोपा आहे. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घाला. मी सुरुवातीला मागच्या लिखाणासाठी २५६ एमबी आणि रोखण्यासाठी १ जीबी ठेवतो आणि मग आकडे बघून बदलतो. पण एवढी पानं साठवतंय कोण, हेही शोधा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं इनोडीबी, म्हणजे डेटा साठवणारा भाग, ओ-डायरेक्ट पद्धतीनं लिहीत असेल तर त्याच्या डेटा फायली या साठ्यातून जातच नाहीत. मग गुन्हेगार बहुधा दुसराच निघतो. त्याच डिस्कवर डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, काढणारी बॅकअपची स्क्रिप्ट, मोठी फाइल झिप करणारं कुणाचं तरी काम, नाहीतर जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारं काम. हँगच्या वेळा कागदावर लिहा आणि शेजारी क्रॉनटॅबमधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या, वेळा मांडा. एवढ्यावरच अर्ध्या तक्रारी सुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

वेळापत्रक बघण्याचा आग्रह धरतो त्यामागे एक प्रसंग आहे. एका ठिकाणचा सर्व्हर दर काही आठवड्यांनी, ठराविक वारी, ठराविक वेळी काही तास मरगळायचा. क्वेऱ्या, इंडेक्स, नेटवर्क सगळं तपासून झालं होतं. शेवटी रेड कंट्रोलरचा, म्हणजे अनेक डिस्क जोडून चालवणाऱ्या कार्डाचा, स्वतःचा लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. जुन्या बॅटरीवाल्या कंट्रोलरमध्ये बॅटरी अधूनमधून स्वतःची चाचणी घेते, पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरते. तेवढा काळ कंट्रोलर आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, लिहून ‘झालं’ म्हणणं थांबवतो आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर नेतो. तो बरोबरच वागत होता. वीज गेली तर डेटा वाचावा म्हणूनच तो हळू झाला होता. आम्ही चाचणीची वेळ रविवारी पहाटेवर नेली आणि तक्रार संपली. ‘बॅटरी रिकामी असली तरी चालेल, कॅश सक्तीनं चालू ठेवा’ असाही पर्याय त्या सेटिंगमध्ये होता. तो निवडला असता तर हँग गेला असता आणि डेटा धोक्यात आला असता.

बाकी कारणं भराभर सांगतो. मरायला टेकलेली डिस्क एखादा सेक्टर वाचायचा हट्ट धरते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघून ती आज्ञा रद्द करतो, लिंक रीसेट करतो, पुन्हा मागतो. घरगुती वापराच्या डिस्क त्याहूनही जास्त वेळ प्रयत्न करत बसतात, सर्व्हरसाठीच्या डिस्क काही सेकंदांत चूक मान्य करून रेडला दुसऱ्या प्रतीकडे जाऊ देतात. म्हणून सर्व्हरमध्ये स्वस्त डिस्क घालू नयेत. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते त्या, अहवालात १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, वाढत असेल तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघा. स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर वापरायच्या जागेचा, वापर सतत चालू दिसला तर डेटाबेसला दिलेली मेमरी कमी करा. ट्रान्सपरंट ह्यूज पेज, म्हणजे मेमरीचे मोठे तुकडे आपोआप वापरण्याची लिनक्सची सोय, यामुळेही मधूनच अडखळणं येतं, तुमच्या डेटाबेसचं मॅन्युअल ते बंद करायला सांगत असेल तर बंद करा. आभासी मशीन असेल तर स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीची, वेळ तपासा.

लॉगिन होतं पण डेटाबेस गप्प आहे, अशा हँगमागे बहुतेक वेळा लॉक असतो. एक लांबलेली सिलेक्ट क्वेरी टेबल धरून असते. कुणीतरी त्याच टेबलावर कॉलम वाढवायची आज्ञा देतो आणि ती सिलेक्टमागे थांबते. त्या आज्ञेला पूर्ण टेबल एकटीला हवं असतं, म्हणून तिच्यामागून आलेल्या साध्या वाचणाऱ्या क्वेऱ्याही रांगेत अडकतात. दोन मिनिटांत सगळी कनेक्शनं संपतात आणि बाहेरून बघणाऱ्याला सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. मायएसक्यूएलमध्ये अशा मेटाडेटा लॉकची, म्हणजे टेबलाच्या रचनेवरच्या लॉकची, मूळ प्रतीक्षा मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे तब्बल एक वर्ष. ती सेशनपुरती पाच सेकंदांवर आणून मगच टेबल बदला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लॉक टाइमआउट लावा. कोण कुणाला अडवतंय हे पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनवरून कळतं. ट्रान्झॅक्शन उघडून निवांत बसलेली कनेक्शनं आढळली तर त्यांनाही वेळेची मर्यादा घाला.

डिस्क भरली की काय होतं, हे प्रत्येक डेटाबेसचं वेगळं आहे. मायएसक्यूएल मरत नाही, दर मिनिटाला जागा झाली का बघत थांबतो आणि दहा मिनिटांनी एकदा लॉगमध्ये तक्रार लिहितो. हुबेहूब हँगसारखं दिसतं. ओरॅकलमध्ये आर्काइव्ह लॉगची जागा भरली की सगळे बदल जागच्या जागी थांबतात. पोस्टग्रेसच्या वॉलची, म्हणजे प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदवला जातो त्या फायलींची, जागा संपली की तो सरळ बंद पडतो. अशा वेळी घाईनं ‘लॉग’ नावाचं फोल्डर रिकामं करण्याचा मोह फार होतो. पोस्टग्रेसच्या वॉल फोल्डरचं नाव पूर्वी एक्सलॉग होतं, व्यवहारांची स्थिती ठेवणाऱ्याचं सीलॉग. फालतू लॉग समजून लोक ती पुसायचे आणि डेटाबेस कायमचा गमवायचे. २०१७ साली आवृत्ती १० मध्ये दोन्ही नावं बदलली, त्यामागे हे मोठं कारण होतं. जागा हवी असेल तर फाइल सिस्टमनं राखून ठेवलेले ब्लॉक कमी करा, ईएक्सटी प्रकारात ते मुळात ५ टक्के असतात. मोठ्या डिस्कवर तेवढ्यानं कितीतरी जीबी मोकळे होतात आणि श्वास घ्यायला वेळ मिळतो. वॉल का साठली तेही बघा, बंद पडलेल्या रेप्लिकासाठी, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या जिवंत प्रतीसाठी, ठेवलेला स्लॉट ती अडवून धरतो.

‘सेव्ह झालं’ हे कोण म्हणालं

आता दुसरं दुखणं. मला तेच जास्त गंभीर वाटतं. हँग सगळ्यांना दिसतो, हरवलेली नोंद कुणी शोधेपर्यंत दिसत नाही.

वापरणाऱ्यानं बटण दाबल्यापासून चुंबकावर किंवा चिपवर अक्षर उमटेपर्यंत मध्ये बरेच जण असतात. ॲप्लिकेशन, जोडण्या वाटून देणारा कनेक्शन पूलर, डेटाबेस, कर्नलचा साठा, कंट्रोलरची कॅश, डिस्कची स्वतःची कॅश. यातला प्रत्येक जण वरच्याला ‘झालं’ म्हणतो. एकानंही खोटं सांगितलं तरी वरचे सगळे प्रामाणिकपणे तेच खोटं पुढे पोहोचवतात.

कोण खोटं बोललं हे ओळखायला हरवलेला काळ मोजा. रीस्टार्टनंतर सगळ्यात शेवटची टिकलेली नोंद किती वाजताची आहे? हँग किती वाजता सुरू झाला? या दोन वेळा जुळत असतील, तर डेटाबेसनं काहीच हरवलेलं नाही. हँगच्या काळात कमिट अडकलेलेच होते आणि ॲप्लिकेशननं उत्तर येण्याआधीच वापरणाऱ्याला ‘सेव्ह झालं’ दाखवलं. मेमरीतल्या रांगेत टाकून लगेच यश कळवणारा कोड, कमिटच्या आधीच्या इन्सर्टनंतरच मेसेज दाखवणारा कोड, एरर गिळून टाकणारा कॅच ब्लॉक, यातलं काहीतरी सापडेल. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला हीच शक्यता सगळ्यात मोठी वाटते, कारण हरवतात त्या ‘काही मिनिटांतल्या’ नोंदी. डेटाबेसच्या सैल सेटिंगमुळे बहुधा इतका काळ जात नाही.

उदाहरणार्थ मायएसक्यूएलमध्ये ‘फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट’ हे १ ऐवजी २ असेल तर मशीन पडल्यावर साधारण शेवटच्या सेकंदातले व्यवहार जातात. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट, म्हणजे कमिट डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं, बंद असेल तर त्याहून कमी काळातले जातात आणि डेटाबेस मोडत नाही. पोस्टग्रेसचं एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवून घेणं, बंद असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे नोंदी तर जातातच, पण अर्धी लिहिलेली पानं राहून सगळा डेटाबेसच बिघडू शकतो. ‘वेग वाढतो’ म्हणून कुणी ते बंद केलं असेल तर हे वाचून होण्याआधी चालू करा. तसंच फुल पेज राइट्स आणि इनोडीबीचा डबलराइट बंद करू नका, ते पानाची पूर्ण प्रत वेगळी लिहून ठेवतात. इनोडीबीचं पान १६ केबीचं, पोस्टग्रेसचं ८ केबीचं, आणि डिस्क सहसा याहून लहान तुकडाच अखंड लिहिण्याची हमी देते. ऐन लिहिताना वीज गेली तर पानाचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना राहतो. ते पान दुरुस्त करायला हीच प्रत कामी येते. टेबलं अजून मायआयसॅम प्रकारची असतील तर त्यांत कमिट नावाची गोष्टच नाही, ती इनोडीबीत न्या.

सेटिंग ठीक असूनही नोंदी जात असतील तर हार्डवेअर खोटं बोलतंय. याची एक झटपट परीक्षा आहे. ७२०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. एकाच कनेक्शनमधून एकामागून एक छोटे कमिट केले तर अशी साधी डिस्क सेकंदाला साधारण १२० च्या वर खरेखुरे कमिट देऊच शकत नाही, कारण लॉगचं तेच टोक पुन्हा हेडखाली यायला एक फेरी लागते. मध्ये बॅटरीवाला कंट्रोलर नसताना तुम्हाला दोन हजार मिळत असतील तर कुणीतरी कॅशमध्ये ठेवून ‘लिहिलं’ म्हणतंय. पोस्टग्रेससोबत हे मोजायचं छोटं साधन येतंच. एसएसडीला ही परीक्षा लागू नाही. तिथे वीज गेल्यावर कॅश उतरवायला कपॅसिटर आहेत का, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. आभासी मशीनमध्ये डिस्कच्या कॅशचा प्रकार ‘अनसेफ’ असेल तर आतल्या एफसिंकला काही अर्थ उरत नाही.

खरी परीक्षा मात्र प्लग काढण्याची. राखीव मशीनवर, राखीव डेटाबेसवर करा. दुसऱ्या मशीनवरून क्रमांक लावून एकेक ओळ घाला. कमिटचं उत्तर आलं की तो क्रमांक त्या दुसऱ्या मशीनवर नोंदवा. मध्येच सर्व्हरची वायर उपटा. सुरू झाल्यावर नोंदवलेला शेवटचा क्रमांक टेबलात असलाच पाहिजे. दहा वेळा करा. एकदाही चुकला तर ती मांडणी कामाची नाही.

सॉफ्टवेअरही इथे चुकलेलं आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं, की लिनक्समध्ये डिस्कवर लिहिताना चूक झाली तर पहिला एफसिंक चूक कळवतो, पण पानावर ‘लिहिलं’ अशी खूण राहते. डेटाबेसनं पुन्हा एफसिंक केला की तो यशस्वी होतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता सरळ बंद पडतो आणि वॉलमधून सावरतो. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर बदला.

आणि कधी कधी नोंद हरवलेली नसतेच, फक्त सापडत नाही. ऑपरेटिंग सिस्टम बदलताना जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीची आवृत्ती २.२८ च्या आधीची होती ती २.२८ किंवा नंतरची झाली असेल, तर अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदललेले असतात. जुन्या क्रमानं बांधलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमानं शोध घेतला जातो आणि असलेली ओळ मिळत नाही. त्यातून एकच युनिक मूल्य दोनदाही शिरतं. इंडेक्स स्कॅन बंद करून तीच क्वेरी चालवा. ओळ दिसली तर री-इंडेक्स करा.

बिघाड झाल्यावर हात कुठे लावू नये

डेटाबेस सुरूच होत नसेल तर पहिलं काम दुरुस्ती नव्हे. पहिलं काम म्हणजे आहे त्या बिघडलेल्या अवस्थेत संपूर्ण डेटा फोल्डरची प्रत, दुसऱ्या डिस्कवर. डिस्कच मरत असेल तर डीडीरेस्क्यू या साधनानं तिची प्रतिमा काढा आणि फाइल सिस्टमची तपासणीही त्या प्रतिमेवरच करा. पोस्टग्रेसचं वॉल रीसेट, इनोडीबीचा फोर्स रिकव्हरी ४ किंवा त्यावर, एसक्यूएल सर्व्हरची ‘डेटा गेला तरी चालेल’ असं नावातच सांगणारी दुरुस्ती, ही सगळी शेवटची हत्यारं आहेत आणि ती उलटी फिरवता येत नाहीत. इनोडीबीत १ पासून एकेक पायरी चढा. जिथे सुरू होईल तिथे थांबून डम्प काढा आणि तो नव्या डेटाबेसमध्ये घाला.

चुकून फाइल पुसली गेली तर याच्या बरोबर उलटं, सर्व्हर बंद करू नका. एकदा एका सहकाऱ्याकडून चालत्या मायएसक्यूएलच्या काही टेबलांच्या फायली पुसल्या गेल्या. त्याचा हात रीस्टार्टकडे गेला होता, तो आम्ही थांबवला. लिनक्समध्ये पुसलेली फाइल कुणीतरी उघडून बसलेलं असेल तोवर तिचा मजकूर डिस्कवर राहतो. आम्ही ॲप्लिकेशन थांबवलं, टेबलांना वाचनाचा लॉक लावला, डर्टी पानांचा आकडा शून्यावर येईपर्यंत बघत बसलो. मग प्रॉक फोल्डरात त्या प्रक्रियेच्या उघड्या फायलींच्या यादीत ‘डिलिटेड’ असं लिहिलेल्या नोंदी होत्या, त्या एकेक करून कॉपी केल्या. सगळ्या परत आल्या. रीस्टार्ट झाला असता तर रात्रीच्या बॅकअपवर जावं लागलं असतं.

बॅकअपबद्दल कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग सांगतो, त्यांनी स्वतःच तो सविस्तर प्रसिद्ध केला होता. दुय्यम सर्व्हरचं डेटा फोल्डर पुसायचं होतं, आज्ञा मुख्य सर्व्हरवर गेली आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. डम्प घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याच्या ईमेल पाठवल्या जात होत्या, पण स्वाक्षरीअभावी त्या नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हातानं घेतलेल्या स्नॅपशॉटवर सगळं निभावलं. रेप्लिका होती, पण रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, चुकीची डिलीट आज्ञा तिच्याकडेही क्षणात पोहोचते. एकाच दिवशी घेतलेल्या डिस्कच्या जोडीवरही विसंबू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीनं जाहीर केलं होतं, की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की फर्मवेअरच्या चुकीमुळे बंद पडतात आणि डेटाही परत मिळत नाही. रेडमधल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी लावलेल्या असतील तर त्या एकाच वेळी जातील.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो. आज रात्री दुसऱ्या मशीनवर कालच्या बॅकअपमधून डेटाबेस उभा करून दाखवा आणि शेवटच्या नोंदीची वेळ तपासा. बाकी सगळं त्यानंतर. उद्या लॉग बाहेर पाठवणं सुरू करा आणि डर्टी पेजच्या मर्यादा बाइटमध्ये घाला. दर दहा सेकंदांनी व्हीएमस्टॅट, आयओस्टॅट आणि चालू क्वेऱ्यांची यादी दुसऱ्या मशीनवर लिहिणारी स्क्रिप्ट चालू ठेवा. पुढचा हँग होईल तेव्हा घड्याळ लावून पंधरा मिनिटं रीसेट न दाबता थांबा. तुमचा हँग पाच-दहा मिनिटांचाच असतो, तो आपोआप सुटतो का तेच बघायचंय. सुटला तर ओझ्याचा प्रश्न आहे, आणि त्या वेळी ‘सेव्ह झालेल्या’ नोंदी टेबलात आल्या का ते लगेच मोजा. सुटलाच नाही तर अडकलेल्या प्रक्रियांची यादी उतरवून घ्या आणि मगच बटण दाबा.